तिला सांग, त्याला सांग

४ मार्च

दादा,

माझं अक्षर बघून पाकीट न फोडताच फेकू नकोस. आईबद्दल आहे.

फोन केला होता, तू उचलला नाहीस. मोबाइलवर लिहिलं असतं तर तू ते वहिनीला वाचायला दिलं असतंस आणि उत्तरही तिनेच दिलं असतं. म्हणून कागद. गेल्या नऊ वर्षांत आपण एकमेकांशी जे काय बोललो ते आईमार्फत. रविवारी ती आधी तुला फोन करायची, मग मला. ‘तिला सांग’, ‘त्याला सांग’. आता आईची वाचाच गेली. मधलं माणूस उरलं नाही, तेव्हा तुला मीच लिहायला हवं. हौस म्हणून लिहीत नाही, एवढं लक्षात ठेव.

गेल्या महिन्यात आपण दोघं आठवडाभर एकाच वॉर्डात, एकाच खाटेशी बसत होतो आणि एकदाही समोरासमोर आलो नाही. तू सकाळी, मी संध्याकाळी. नर्सने मला विचारलं, “तुमचे भाऊ परगावी असतात का?” मी म्हटलं, “नाही, सकाळी असतात.” तिला हसू आलं. मला नाही आलं.

मुद्द्याचं लिहिते. २९ तारखेला आईला घरी सोडणार. घरी म्हणजे कुणाच्या, तिथेच घोडं अडलंय. उजवी बाजू अजून उठत नाही, भरवावं लागतं, एकटीला ठेवता येणार नाही. डॉक्टरबाईंचं म्हणणं, दोन्ही मुलांनी त्या दिवशी एकत्र यायचं, त्यांच्या टेबलाशी बसायचं आणि काय ते एक सांगायचं. नाही सांगितलं तर शहराबाहेरच्या शुश्रूषागृहात एक खाट रिकामी आहे, तिथे तिची रवानगी. मी ते बघून आले. स्वच्छ आहे, माणसंही वाईट नाहीत. पण मोठ्या खोलीत खाटांची रांग, टीव्ही चालू, बघत कुणीच नाही. जी बाई बोलू शकत नाही तिला काही नकोच असेल असं धरून चालतील तिथे. जेवण नको म्हणून तिने तोंड फिरवलं तर ताट उचलून नेतील, बस.

आणि मला एक कळत नाही. आई वर्षभर सांगत होती की दादाने मागची खोली माझ्यासाठी रिकामी केली, खिडकीला पडदासुद्धा लावला. मग डॉक्टरबाईंना ‘बघू’ कसलं सांगून गेलास? खोली तयार आहे ना? मग बघायचं काय राहिलंय त्यात?

मी इथे बैठकांमध्ये अडकले आहे, मध्येच उठून येता येत नाही. २९ला येते. तू खोलीचं काय ते कळव.

– बहीण

९ मार्च

दादा,

तुझं पत्र मिळालं. तीन ओळी. वाणसामानाची यादी याहून मोठी असते.

‘खोलीबद्दल मी कधीही काही बोललेलो नाही. मागच्या खोलीत मुलाचं सामान आहे. नोकरी सोडून आईजवळ येऊन राहणार असं तूच दोन वर्षं सांगतेस, त्याचं काय झालं?’

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी? नोकरी सोडणार? कुणाला सांगितलं मी हे? आईने सांगितलं म्हणतोस. आता ती बिचारी बोलू शकत नाही, म्हणजे तिच्या नावावर काहीही खपवायला तू मोकळा! नऊ वर्षांपूर्वी बाबांच्या वेळीही असंच केलंस. मी विमानतळावर होते, चार तासांत पोचत होते, आणि तू डॉक्टरांना सांगून श्वासाचं मशीन काढायला लावलंस. ठरवून मोकळा झालास. नंतर वर मलाच, सगळ्या नातेवाइकांसमोर, “ही जगाची भांडणं मिटवत फिरते, बापाला शेवटचं पाणी पाजायला हिला सवड नाही.”

जगाची भांडणं काय आहेत ते ऐकायचंय तुला? ऐक. जुनी प्रशिक्षण संस्था, दोन मजले. नदीच्या एका काठच्या गावाची माणसं वर, दुसऱ्या काठची खाली. मधला पूल सहा वर्षं बंद आहे, कारण त्या पुलावर माणसं मेली, दोन्हीकडची. दोघांची भाषा एक, आडनावंसुद्धा एक, पण ती एका खोलीत बसत नाहीत. जेवायच्या वेळा वेगळ्या, चहाची किटली वेगळी. आमची आंतरराष्ट्रीय संस्था त्यांच्यात संवाद घडवते, म्हणजे मी जिना चढते आणि उतरते. पिशव्यांवर, पेनांवर, पाण्याच्या बाटल्यांवरसुद्धा ‘संवादातून शांततेची संस्कृती’ असं छापलंय. गुडघ्याला लावायच्या मलमावर तेवढं छापायचं राहिलंय.

कामाची पद्धत एकच. वरचा माणूस बोलला की मी त्याचं बोलणं त्यालाच म्हणून दाखवायचं. तो “बरोबर” म्हणाला की खाली जाऊन तेच, तसंच सांगायचं. खालच्यांनी ते मला म्हणून दाखवायचं. मग त्यांचं उत्तर घेऊन वर. पदरचा एक शब्द घालायचा नाही, एक गाळायचा नाही. शिवी असली तर शिवी न्यायची. आमच्या प्रमुख बाई नव्या लोकांना पहिल्याच दिवशी बजावतात, “तुम्ही चांगुलपणा करायला आलेला नाहीत.” तीन वर्षं मी हेच करतेय. कंटाळले रे. त्यांच्या भांडणाला नाही कंटाळले, त्यांचं भांडण माझ्या तोंडाने करायला कंटाळले.

आज वरचे मास्तर – शाळेतून निवृत्त झालेत, पुलावर त्यांचा मुलगा गेला – असं काही बोलले की ते जिन्यातून खाली नेताना मी मधल्या पायरीवर बसले थोडी. मग खाली जाऊन सांगितलं, जरा बरं करून सांगितलं. काही बिघडलं नाही. उलट तीन वर्षांत आला नव्हता इतका चांगला दिवस आज गेला.

तू मात्र खोटं बोलू नकोस. आई असं काही बोलणार नाही.

– बहीण

१३ मार्च

दादा,

माझं तोंड काळं झालं. इथे सगळे मला टाळतात. प्रमुख बाई नुसत्या चष्मा पुसत बसल्या. त्या ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं.

काय झालं ते नीट सांगते, कारण याचा आपल्याशी संबंध आहे.

मास्तर ९ तारखेला म्हणाले होते, “पूल उघडला ना, तर पहिल्या दिवशी त्यांच्यातला जो कुणी पलीकडून येईल त्याला मी स्वतःच्या हाताने नदीत ढकलीन. माझ्या पोराला त्यांनी तसंच ढकललं.” मी म्हणून दाखवलं. ते म्हणाले, “बरोबर.” शांतपणे म्हणाले, चहा ओतत. आणि मी खाली जाऊन काय सांगितलं? “मास्तरांचा मुलगा त्या पुलावर गेला. पहिल्या दिवशी पलीकडून कुणी येऊ नये असं त्यांना वाटतं.” झालं! सांगताना आवाजही मऊ काढला मी, कर्म माझं.

खालच्या गटात एक औषधवाल्या बाई आहेत, गावात त्यांचं औषधांचं दुकान होतं, ते जाळलं. नवराही गेला. त्यांनी माझं बोलणं ऐकून घेतलं. मग डोळे पुसून म्हणाल्या, “त्यांना सांगा, पहिला दिवस तुमचा. त्या दिवशी पुलावर तुम्ही एकटे जा, मुलासाठी. आम्ही आमच्या घरात बसू.” हे मी जसंच्या तसं वर नेलं. यात पदरचं काही घातलं नाही, गरजच नव्हती. मास्तर ऐकून उठून खिडकीशी गेले, ते तिथेच उभे राहिले. मला वाटलं, जिंकले मी.

पुढचं ऐक. दुसऱ्या दिवशी खालच्यांच्या जेवणाच्या वेळेला मास्तर जिना उतरून सरळ जेवणघरात गेले. तीन वर्षांत असं झालं नव्हतं. ताटं वाजायची थांबली. औषधवाल्या बाईंपुढे उभे राहून ते म्हणाले, “बाई, मी तुमच्या माणसांना नदीत ढकलीन म्हणालो, आणि त्यावर तुम्ही मला पहिला दिवस दिलात. इतकं मन मी कुणाचं पाहिलं नाही.”

बाई म्हणाल्या, “ढकलीन? कधी म्हणालात?”

दोघांनी वळून माझ्याकडे बघितलं. मी दाराशी भाजीचा वाडगा धरून उभी होते. दादा, जमीन दुभंगून आत घेईल तर बरं, असं झालं.

पुढे आरडाओरडा. बाई म्हणाल्या, त्यांनी ज्या माणसाला पहिला दिवस दिला तो माणूस नव्हताच मुळी, मी बनवलेला होता. मास्तर म्हणाले, मी त्यांना भित्रं आणि दुबळं करून खाली विकलं. दोघांचंही खरं. संध्याकाळपर्यंत खालच्यांनी बॅगा भरल्या.

मी खोलीत जाऊन बसले, आणि नेमका तेव्हाच वहिनीचा फोन आला. आईची तब्येत सांगायला केला होता. बोलता बोलता ती म्हणाली, “काहीही असो ताई, तुम्ही ह्यांच्या गुडघ्याच्या ऑपरेशनची दर आठवड्याला चौकशी करायचात, ते ह्यांच्या मनाला फार भिडलं होतं. बोलून दाखवत नाहीत, पण आईंचा फोन झाला की दिवसभर बरे असायचे.”

तुझं गुडघ्याचं ऑपरेशन झालं? मला माहीतच नव्हतं! आई मला बोललीच नाही. मी म्हटलं, “आणि त्याने माझ्या पाठीसाठी तो पट्टा सुचवला होता तो?” वहिनी हळूच म्हणाली, “कसला पट्टा?”

तो पट्टा मी तीन वर्षं बांधतेय रे. तू सांगितलास म्हणून. आत्ताही बांधलाय.

आता समजलं ना? मागची खोली आणि पडदा तू म्हणाला नव्हतास. नोकरी सोडते असं मी म्हणाले नव्हते. मी बहुतेक म्हणाले असेन, ‘त्याला म्हणावं, एवढी काळजी आहे तर घेऊन जा तिला स्वतःकडे’, आणि तूही तसलंच काहीतरी. आई ते जिन्यात कुठेतरी टाकून द्यायची आणि वर येताना पडदा घेऊन यायची. मी नऊ वर्षं ज्या भावावर चिडत होते आणि मनातून थोडी टेकूनही होते, तो तू नाहीस. तिने केलेला आहे. तुझी बहीणही तिनेच केलेली.

मला तिचा इतका राग आलाय, आणि ती तिथे तोंड वाकडं होऊन पडली आहे, मी रागावू कुणावर?

मागच्या पत्रात तुला खोटारडा म्हटलं ते परत घेते. बाकीचं नाही.

– बहीण

१७ मार्च

दादा,

हसशील म्हणून सांगते. खालच्यांनी बॅगा भरल्या होत्या, पण गेले नाहीत. का, तर माझी तक्रार लिहायची होती. वरच्यांनाही लिहायची होती. प्रमुख बाई म्हणाल्या, दोन वेगळ्या तक्रारी मी घेणार नाही, घटना एकच आहे. तेव्हा नाक मुरडत सगळे जेवणघरात एका टेबलाशी बसले आणि एका कागदावर भांडले. ‘फसवणूक’ लिहायचं की ‘निष्काळजीपणा’, यावरच दुपार गेली. औषधवाल्या बाई ‘फसवणूक’वर अडून बसल्या. मास्तर म्हणाले, “निष्काळजी नव्हती ती, जास्तच काळजी करत होती, तेच लिहा.” मी बाहेरच्या बाकावर बसून सगळं ऐकत होते. मध्ये एकदा मास्तर बाईंना म्हणाले, “ढकलीन हे मी म्हणालोच होतो. आजही म्हणतो.” आणि बाई म्हणाल्या, “मग मीही त्या दिवशी पुलावर येणार. ढकला.” कुणी उठून गेलं नाही.

दोन्ही बाजूंच्या सह्या असलेला तीन वर्षांतला पहिला कागद म्हणजे माझी तक्रार. आता पुढच्या बैठका एकाच खोलीत, जिना बंद, आणि मी नसणार. मला काढलेलं नाही, नव्या लोकांना शिकवायचं काम दिलंय, घरी बसून करायचं. काय करू नये हे शिकवायला माझ्याइतकं लायक कुणी नाही म्हणे.

लोकांसमोर तोंडघशी पडले, त्याचं दुःख आहेच. पण थकवा त्याहून मोठा आहे. आता सारवासारव करायची ताकदच उरली नाही, म्हणून तुला जे आहे ते लिहिते. मध्ये कुणी नाही, तेव्हा लागेल. लागू दे.

मला आईला ठेवून घ्यायचं नाही. तिला उचलायची मला भीती वाटते. तिच्याजवळ दोन तास बसले की बाहेर पळावंसं वाटतं, आणि घरी येऊन रडू येतं ते तिच्यासाठी असतं की माझ्यासाठी ते कळत नाही. तुझ्या घरी तिने जावं असं मला वाटतं, ते तिच्या सुखासाठी नाही, माझी सुटका व्हावी म्हणून. बाबांच्या वेळी तू घाई केलीस असं मला आजही वाटतं. चार तास थांबला असतास तर तुझं काही गेलं नसतं. आणि तू मला आवडतोस की नाही हे मला ठाऊक नाही, कारण नऊ वर्षांत तुझी-माझी गाठच नाही.

हे वाचून तुला काय शिव्या द्यायच्यात त्या दे. पण तुझ्या दे. वहिनीला विचारून नको, गोड करून नको. आणि २९ला ये. आई शुश्रूषागृहात जाऊ नये एवढी एकच गोष्ट मला नक्की हवी आहे. बाकी कशाचीच खात्री नाही.

– तुझी बहीण (खरी, जशी आहे तशी)

३० मार्च

दादा,

घरी नीट पोचलास का? सांभाळून जिने चढ, गुडघ्याला जपतोस असं काल काही दिसलं नाही. ही चौकशी माझी स्वतःची आहे.

काल जे ठरलं ते लिहून ठेवते, म्हणजे नंतर ‘मी असं म्हणालोच नव्हतो’ नको. आई स्वतःच्या घरी राहणार. सोमवार ते शुक्रवार मी तिथे राहून माझं काम करीन, दिवसा मदतीला बाई येईल. शुक्रवारी संध्याकाळी तू येशील आणि सोमवारी सकाळी जाशील. मी शुक्रवारी तू यायच्या आत पळून जाणार नाही, आणि तू सोमवारी मी यायच्या आत निघायचं नाहीस. हे दोघांनाही नको होतं, दोघांनी तसं तोंडावर सांगितलं, आणि डॉक्टरबाई म्हणाल्या, “नको असतानाही करताय ना, मग टिकेल.” त्यांच्या तोंडात साखर पडो. मला अजून खात्री नाही. तुलाही नसेल.

आता ते भांडण. डॉक्टरबाईंच्या टेबलाशी आपण शहाण्यासारखे बसलो, आणि आईच्या खाटेपाशी येताच तुझा बांध फुटला. “बाबा गेले तेव्हा तू मला सगळ्यांदेखत खुनी म्हणालीस!” मी म्हटलं, “खुनी नाही म्हणाले, घाई केलीस म्हणाले.” तू म्हणालास, “बाबांनी माझा हात धरून डोळ्यांनी सांगितलं, आता बस. तू नव्हतीस. तुझी वाट बघायला लावली असती तर चार तास त्यांनी काढायचे होते, तू नाही.” दादा, हे मला माहीत नव्हतं. आईने हेही सांगितलं नव्हतं, तिला वाटलं असेल मला सोसणार नाही. मी पुढे काय काय बोलले ते आठवत नाही, बरंच बोलले. वॉर्डातली माणसं ऐकत होती. पलीकडच्या खाटेवरचे आजोबा तर उठून बसले होते.

तू रागाने लाल झाला होतास आणि तुझी पाठ आईकडे होती, म्हणून तुला दिसलं नाही. मला दिसलं, म्हणून हे पत्र.

आपण सुरू केलं तेव्हा ती घाबरली. डावा हात वर उचलून आधी तुझ्याकडे बघायची, मग माझ्याकडे. ओठ हलत होते. काहीतरी जुळवत होती, तुझ्याकडून माझ्याकडे न्यायला, माझ्याकडून तुझ्याकडे. सवय रे, एवढं आजारपण झालं तरी सुटली नव्हती. मी थांबणारच होते. पण तेवढ्यात तू मला उत्तर दिलंस, मी तुला दिलं, पुन्हा तू. तिने दोन-चार वेळा आपल्याकडे आळीपाळीने बघितलं. तिच्या लक्षात आलं की ही दोघं तिच्याशी बोलतच नाहीयेत. तिने हात खाली घेतला, पांघरुणात घातला, भिंतीकडे मान वळवली आणि झोपली.

तू बस पकडायला निघालास तेव्हा मी मुद्दाम सांगितलं नाही, तू परत आत आला असतास आणि तिला जाग आली असती. संध्याकाळी घरी न्यायची वेळ होईपर्यंत झोपली. नर्स दोनदा येऊन श्वास बघून गेली, मग तिच्याही लक्षात आलं, आई घोरत होती.

शुक्रवारी ये. बाबांचं मला अजून विचारायचं आहे.

– बहीण